‘उरलंसुरलं’ येतं, मग ‘हॉच-पॉच’ला काय घाबरायचं?

दोस्तांनो, २०२३ ची तलाठी भरती आठवते ना? शंभर प्रश्न, दोनशे गुण. मराठीचे पंचवीस प्रश्न, इंग्रजीचे पंचवीस. म्हणजे दोन्ही भाषांना पन्नास-पन्नास गुण, अगदी बरोबरीची वाटणी. पण आपल्या अभ्यासिकांमध्ये जाऊन बघा. जालन्यात असो, अंबडला असो की परतूरला, मराठीचा भाग पोरं हसत सोडवतात आणि इंग्रजीचा भाग आला की पाणी प्यायला उठतात.

आता एक गंमत बघा. मराठी व्याकरणात ‘शेजारीपाजारी’ हा कोणत्या प्रकारचा शब्द असं विचारलं, तर वाळंबे सरांचं पुस्तक पाठ केलेला कुठलाही पोरगा झोपेतही सांगेल, ‘अंशाभ्यस्त’. एक भाग तसाच, दुसऱ्या भागात एखादं अक्षर बदललेलं. उरलासुरला, गोडधोड, अर्धामुर्धा, दगडबिगड. पण त्याच पोराला इंग्रजीत ‘हेल्टर-स्केल्टर’ किंवा ‘हॉच-पॉच’ विचारा. लगेच चेहरा पडतो. ‘कामून असले शब्द विचारतात राव, हे कुठं वापरतंय कोण?’

कुठं वापरतंय ते पुढं सांगतोच. आधी माझं म्हणणं सरळ मांडतो. हे शब्द आपल्याला परके नाहीत. ज्या कारखान्यात ‘टंगळमंगळ’ तयार झालं, तशाच कारखान्यात ‘होकस-पोकस’ तयार झालंय. फरक एवढाच, की आपल्याला तो शेकडो शब्दांची यादी म्हणून शिकवतात आणि यादी म्हटलं की पाठांतर आलं. पाठ केलेलं परीक्षेच्या हॉलबाहेर आलं की उडून जातं. खरी अडचण पोरांच्या डोक्यात नाही, शिकवायच्या पद्धतीत आहे.

तीन कप्पे करा

मराठीतले यमकाचे जोडशब्द घ्या आणि तीन कप्प्यांत टाका.

पहिला कप्पा: दोन्ही भागांना स्वतःचा अर्थ आहे. मोडतोड, काटछाट, जाळपोळ, पडझड. मोडणं वेगळं, तोडणं वेगळं, पण दोन्ही एकत्र आले की तिसरंच चित्र उभं राहतं. इंग्रजीत याच कप्प्यात ‘हॉटस्पॉट’ बसतो. हो, तोच. दिवसातून चार वेळा ‘हॉटस्पॉट चालू कर ना’ म्हणणाऱ्या पोराला आपण इंग्रजी यमकाचा जोडशब्द वापरतोय, हे कुणी सांगितलेलंच नसतं. ‘बॅकपॅक’ तसाच. ‘वॉकी-टॉकी’ तसाच: चालता-चालता बोलायचं यंत्र, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुळलेलं नाव. ‘ब्रेन ड्रेन’ तसाच. ‘वेअर अँड टेअर’ पण तसाच, मध्ये फक्त ‘आणि’ आलाय.

दुसरा कप्पा: एकाच भागाला अर्थ आहे, दुसरा नुसता सोबतीला आलाय. उरलासुरला, शेजारीपाजारी, गोडधोड. ‘सुरला’ म्हणजे काय? काही नाही. ‘धोड’ एकटं बाजारात मिळत नाही. इंग्रजीत ‘सुपर-डुपर’, ‘ईझी-पीझी’, ‘टीनी-वीनी’. यातला ‘डुपर’ म्हणजे आपला ‘सुरला’च. आपल्याकडच्या मोसंबीसारखंच आहे हे. खालचा खुंट रंगपूर लिंबाचा किंवा जंबेरीचा, त्यावर मोसंबीचा डोळा भरलेला. झाड दोघांचं, पण बाजारात नाव मोसंबीचंच चालतं.

तिसरा कप्पा: कुठल्याच भागाला आज वेगळा अर्थ सांगता येत नाही, तरी शब्द पक्का. अघळपघळ, टंगळमंगळ, किडूकमिडूक. इंग्रजीत ‘होकस-पोकस’ म्हणजे जादूगाराचे मंत्र आणि त्यावरून हातचलाखी, फसवाफसवी. ‘हेल्टर-स्केल्टर’ म्हणजे वाट फुटेल तिकडे पळापळ. ‘हीबी-जीबीज’ म्हणजे उगाच वाटणारी धडधड, अंगावर येणारा काटा. हा शब्द १९२३ मध्ये बिली डीबेक या अमेरिकन व्यंगचित्रकाराने आपल्या चित्रमालिकेत वापरला आणि तिथून तो लोकांच्या तोंडी बसला.

झाले तीन कप्पे. नवीन शब्द भेटला की पहिला प्रश्न हा विचारायचा: याचे भाग अर्थाचे आहेत की सोबतीचे? पहिल्या कप्प्यातला असेल तर अर्थ थोडाफार हाताला लागतो. दुसऱ्यातला असेल तर अर्थाचा भाग शोधायचा. तिसऱ्यातला असेल तर भाग मोडून बघायच्या फंदात पडायचंच नाही, अख्खा शब्द वाक्यासकट उचलायचा.

अंदाज कुठं फसतो

आता सावध व्हायची जागा. ‘हँकी-पँकी’चा हातरुमालाशी संबंध नाही. त्याचा अर्थ लपूनछपून चाललेला गैरप्रकार. पैशांच्या व्यवहारातला असेल किंवा स्त्री-पुरुष संबंधातला. हा दुसरा अर्थ लक्षात ठेवा, नाहीतर साहेबांसमोर भलत्याच अर्थानं वापरून बसाल. ‘हमड्रम’मध्ये ढोल वाजत नाही. उलट काहीच वाजत नाही, अशी रटाळ, एकसुरी दिनचर्या म्हणजे ‘हमड्रम’. ‘विली-निली’ हे कुणा पोरीचं नाव नाही. जुन्या इंग्रजीत ‘विल’ म्हणजे इच्छा असणं आणि ‘निल’ म्हणजे नसणं. म्हणजे मनात असो वा नसो, होऊन जाणारी गोष्ट. आज तो ‘कसंही, काही धरबंध न ठेवता’ या अर्थानंही वापरतात. ‘हॉबनॉब’ही त्याच जातीचा. मूळ ‘असो-नसो’ अशा अर्थाचा शब्द, मग एकमेकांच्या नावानं पेला उचलणं आणि आता बड्या लोकांत ऊठबस ठेवणं. इंग्रजी पेपरात पुढाऱ्यांच्या बातम्यांत तो हमखास भेटतो.

‘क्लॅपट्रॅप’ तर निवडणुकीच्या काळात पाठच करावा असा शब्द. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नाटकवाल्यांनी तो काढला. टाळ्या पकडायचा सापळा! ज्या वाक्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवणारच, असं पेरलेलं वाक्य. आपण ‘टाळ्याखाऊ’ म्हणतो ते हेच. आज त्याचा अर्थ पोकळ, निरर्थक बडबड.

आणि ‘वाय-फाय’? त्याचा पूर्ण अर्थ ‘वायरलेस फिडेलिटी’ असं कितीतरी नोट्समध्ये छापलेलं दिसतं. हे नाव १९९९ च्या सुमारास एका नावं तयार करणाऱ्या कंपनीकडून मुद्दाम करून घेतलं होतं, ‘हाय-फाय’शी यमक जुळतं म्हणून. पूर्ण रूप नंतर चिकटवलं गेलं. म्हणजे ‘फाय’ हा तिथं जवळजवळ ‘सुरला’च आहे.

आपल्या जिल्ह्याशी काय देणंघेणं?

या सगळ्या शब्दांत मला सगळ्यात आवडतो तो एक कोश: ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनी केलेला, १८८६ साली छापलेला. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या बोलण्यात जे देशी शब्द घुसले, त्यांचा कोश. पण हे दोघांपैकी कुणाचंच नाव नाही. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांवर पडला. त्यांना तो उच्चारता येईना. मग तो बदलत बदलत त्यांच्या ओळखीच्या दोन आडनावांवर येऊन थांबला. पुस्तक दोघांचं, म्हणून नावही जोडीचं, अशी यूलची त्यामागची गंमत होती.

आता विचार करा. आपल्या भोकरदन-जाफ्राबादकडच्या असईला १८०३ मध्ये मराठे आणि इंग्रज यांच्यात केवढी मोठी लढाई झाली. पुढं निजामाच्या राज्यात जालन्याला फौजेची छावणी होती. म्हणजे असले शिपाई आपल्या गावातही राहून गेलेत. ते आपले शब्द तोडूनमोडून नेत होते आणि आपण त्यांचे. त्यांचा ‘रिक्रूट’ आपण ‘रंगरूट’ केला. त्याला कुठल्या रंगाचा पत्ता नाही, तरी कानाला तो आपला वाटतो. आपल्या कानाला परका शब्द आला की तो ओळखीच्या आवाजात बसवून घेतो, हे जगात सगळीकडं होतं. भाषाशास्त्रज्ञ त्याला ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ असंच म्हणतात. मग आपल्या आजोबांनी ‘ठेसन’ म्हटलं तर ते अडाणीपण आणि गोऱ्या शिपायानं हॉब्सन-जॉब्सन केलं तर तो कोश? ज्यांना आपल्या उच्चाराची लाज वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘बि’चा कारखाना

एका बाबतीत तर आपण इंग्रजीच्या पुढं आहोत. आपल्याकडं ‘बि’ आहे. चहाबिहा, पाणीबिणी, नोकरीबिकरी. कुठलाही शब्द आणा, परदेशी असला तरी चालेल: मोबाइल-बिबाइल, इंटरव्ह्यू-बिंटरव्ह्यू. ‘आणि तसलंच काहीतरी’ असा अर्थ तयार. शिवाय वर थोडी बेफिकिरीही: ‘हं, नोकरीबिकरी बघतोय.’ जालन्याच्या बाजारात मराठी माणूस ‘चहाबिहा घेऊ’ म्हणतो आणि शेजारचा दुकानदार ‘चाय-वाय हो जाए’ म्हणतो. दोन भाषा, एकच यंत्र. इंग्रजीत असं सगळ्या शब्दांना लागणारं यंत्र नाही. अमेरिकेत ज्यू लोकांच्या यिडिश भाषेतून आलेला ‘श्म’ आहे. ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ म्हणायचं, म्हणजे ‘कसलं आलंय फॅन्सी!’ पण तो चेष्टेपुरता. एरवी इंग्रजीतले जोडशब्द ठरलेले असतात. मनाने नवीन जोडून चालत नाही.

आणि क्रमही ठरलेला. आपण ‘सुरलाउरला’ म्हणत नाही, तसं ‘पोकस-होकस’ म्हणता येत नाही.

पण ‘बि’ कुठं लावायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं? तहसीलदारांना अर्ज लिहिताना ‘मला रहिवासी दाखला-बिखला मिळावा, ही विनंती’ असं कुणी लिहीत नाही. कुठला शब्द ओट्यावर बोलायचा आणि कुठला कागदावर लिहायचा, हे भान आपल्याला आपोआप आलंय. इंग्रजीतही नेमकं तेच भान लागतं. ‘ओकी-डोकी’, ‘ईझी-पीझी’ मित्राच्या मेसेजला ठीक. मुलाखतीत ‘ओकी-डोकी सर’ म्हणालात तर तो ‘दाखला-बिखला’च झाला. ‘ब्रेन ड्रेन’ मात्र निबंधात, अहवालात, भाषणात, कुठंही चालतो. ‘मम्बो-जम्बो’पासून तर जपूनच राहा. अर्थ ‘न कळणारी निरर्थक भाषा’ असा असला, तरी आफ्रिकेतल्या लोकांच्या श्रद्धेला गोऱ्या प्रवाशांनी ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेतून तो आलाय. कुणाच्या देवाधर्माबद्दल तो वापरला तर दुखावणारच.

याद्यांमध्ये नेमकी हीच माहिती नसते. शब्द आणि अर्थ, दोन रकाने. शब्द कुठं शोभतो आणि कुठं नाही, हा तिसरा रकाना कुणी भरतच नाही.

‘पण हे सगळं कशाला?’

काही शिक्षक म्हणतील, ‘अहो, पोरांना साधं वाक्य लिहिता येईना, काळ कळेना, तिथं ही यमकं कसली?’ म्हणणं चुकीचं नाही. क्रम तोच असायला हवा: आधी वाक्य, मग अलंकार. पण सगळेच शब्द अलंकार नसतात. दोन उदाहरणं देतो.

पहिलं, ‘वेअर अँड टेअर’. घरातल्या मोटरपंपाचं, मोबाइलचं नाहीतर गाडीचं वॉरंटी कार्ड काढून वाचा. ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ वॉरंटीत धरलेलं नसतं. म्हणजे वापरानं होणारी झीज तुमच्या माथी. दुकानदार बिघाडाला ‘वेअर अँड टेअर’ म्हणाला आणि आपण मान डोलावली, की दुरुस्तीचा खर्च आपला. बिघाड मुळात बनवण्यातला असेल तर भांडायची जागा तीच असते, पण शब्द कळला तरच भांडता येतं.

दुसरं, ‘हॉच-पॉच’. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ सगळं एकत्र घालून शिजवलेलं कालवण. आपल्या ‘खिचडी’सारखाच तो पुढं ‘सगळा घोळ, सरमिसळ’ या अर्थाला आला. पण त्याचाच सख्खा भाऊ ‘हॉचपॉट’ आपल्या कोर्टात बसलाय. वाटणीच्या दाव्यांत वकील म्हणतात, अमक्यानं स्वकष्टाची जमीन ‘कॉमन हॉचपॉट’मध्ये टाकली. म्हणजे स्वतःची मिळकत एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मिसळून टाकली. तसं सिद्ध झालं तर त्या जमिनीत बाकीच्यांचाही हिस्सा येतो. आपल्याकडं ज्या घरात वाटणीचा वाद नाही असं घर शोधावं लागेल. निकालाची इंग्रजी प्रत हातात घेऊन वकिलाच्या तोंडाकडं बघत बसणारे वडील आणि शेजारी उभा असलेला पदवीधर मुलगा, हे चित्र आपल्याला नवीन नाही. त्या मुलानं ‘हॉचपॉट म्हणजे कालवणाचं भांडं’ एवढं जरी ओळखलं, तरी वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न त्याला सापडतो: ‘आमची जमीन या भांड्यात कधी आणि कशी गेली?’

म्हणून हे शब्द चैनीचे नाहीत, दोस्तांनो. काही नुसते गमतीचे आहेत आणि काहींवर एकराएकरांचा हिशेब टांगलेला आहे. कुठला कुठल्या प्रकारचा, हे ओळखता येणं म्हणजे इंग्रजी येणं.

यमक ऐकलं की थोडं थांबा

एक शेवटचा मुद्दा. यमक लक्षात राहतं, म्हणूनच ते धोक्याचंही आहे. २००० साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काही वचनं वाचायला दिली. काही यमकात, काही त्याच अर्थाची पण यमक मोडलेली. यमकातली लोकांना जास्त खरी वाटली. अर्थ तोच, तरी!

आता आपल्या गावाची म्हण आठवा: ‘जालना, सोने का पालना’. किती पिढ्या म्हणतोय आपण. व्यापारपेठ होती, आहे. बियाण्यांचं गाव, लोखंडाच्या सळ्यांचं गाव, मोसंबीचं गाव, सगळं खरं. पण त्याच जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि त्याच जिल्ह्यातली पोरं पदवी हातात पडली की पुण्याची गाडी पकडतात. याला साठच्या दशकात ब्रिटनमध्ये एक यमक सापडलं होतं, तिथले शास्त्रज्ञ अमेरिकेला निघाले तेव्हा. तोच आपला ‘ब्रेन ड्रेन’. एक यमक म्हणतं पाळणा, दुसरं म्हणतं गटार. दोन्ही कानाला गोड. खरं काय ते आकडे बघून, माणसांना विचारून ठरवायचं. क्लासच्या जाहिरातीवरचं यमक असो की प्रचाराच्या गाडीवरचं, तिथंही तेच.

मग करायचं काय?

क्लास चालवणाऱ्या सरांना आणि मॅडमना विनंती, की याद्यांच्या झेरॉक्स वाटणं थांबवा. फळ्यावर एका बाजूला मराठी अभ्यस्त शब्द लिहा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पोरांना जोड्या लावू द्या. ‘हेल्टर-स्केल्टर’ला कुणी ‘सैरावैरा’ म्हणेल, कुणी ‘पळापळ’. वाद घालू द्या. त्या वादातच शब्द पक्का होतो. आपल्याकडं २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज तिशीच्या आत असलेले बहुतेक सगळेच जण शाळेत रोज इंग्रजीच्या तासाला बसलेत. तरी भीती गेली नाही, कारण मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास यांची कधी गाठच घातली नाही.

आणि तुम्ही, जे रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसता, एक वही करा. तीन रकाने: अर्थ, मराठीतला भाऊबंद, आणि कुठं वापरायचा नाही. रोज दोन शब्द, जास्त नको. चहाला गेलात की एकमेकांना विचारा. ‘अर्धामुर्धा’ला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘लुटुपुटु’ला काय? सगळ्यांना उत्तर सापडेलच असं नाही, कारण कितीतरी शब्दांना तिकडं जोडीदारच नाही. तसा शब्द सापडला, तर तो वहीच्या शेवटच्या पानावर वेगळा लिहून ठेवा. आपल्या भाषेकडं काय जास्तीचं आहे, तेही मोजलं पाहिजे ना!